भूस्थिर की भूसमकालिक?

मंजिरी: ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शन यंत्रणेवरचा लेख मराठीत करतेय. मूळ रचना सात उपग्रहांची: तीन जिओस्टेशनरी, चार जिओसिंक्रोनस. मी ‘भूस्थिर’ आणि ‘भूसमकालिक’ लिहिलं. संपादकांनी दोन्हीकडे ‘भूस्थिर’ केलं. आता वाक्य असं: ‘तीन उपग्रह भूस्थिर असून उरलेले चार भूस्थिर आहेत.’ त्यांना कसं पटवू?

विद्याधर: भूस्थिर म्हणजे बरोब्बर विषुववृत्तावर, ३५,७८६ किमी उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरणारा. म्हणून तो आकाशात एकाच जागी दिसतो. त्या चौघांची फेरीही तेवढ्याच वेळात होते, पण कक्षा २९ अंश कललेली. ते दिवसभरात इंग्रजी आठचा आकडा काढतात. त्यांना स्थिर म्हणणं साफ चूक.

शरयू: मुळात सेकंदाला तीन किमी धावणाऱ्या वस्तूला स्थिर म्हणणंच मला खटकतं. आणि समकालिक ऐकलं की ज्ञानदेव-नामदेव आठवतात. ‘भूसमगती’ का नको?

विद्याधर: ते समकालीन, ताई. समकालिकमधला काल म्हणजे फेरीचा काळ. आणि गती तर समान नाहीच, विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला अर्धा किमीसुद्धा सरकत नाही. समान आहे तो काळ.

रफीक: मी छत्र्या बसवतो. फ्री डिशची छत्री पुण्याकडे आग्नेयेला तोंड करून लावतो, जीसॅट-१५ सॅटेलाइट तिकडे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे म्हणून. मीटरवर क्वालिटी चढली की नट आवळायचे. वारा-माकडांनी हलवली नाही तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. आमचे उस्ताद त्याला ‘थांबलेलं सॅटेलाइट’ म्हणायचे. गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

शरयू: थांबलेलं छानच आहे, पण सॅटेलाइट कशाला? उपग्रह घराघरांत रुळलाय.

माधवराव: रुळलाय, पण अर्थ बदलून. फलज्योतिषात धूम, व्यतीपात, परिवेष, इंद्रचाप, उपकेतू यांना उपग्रह म्हणतात आणि त्यातला एकही पिंड नाही, सगळे गणिताने काढलेले बिंदू. ‘सॅटेलाइट’चं मूळ लॅटिन, अर्थ सोबतचा सेवक. केप्लरने तो गुरूच्या चंद्रांना लावला. रशियन ‘स्पुटनिक’ म्हणजे सहप्रवासी. मला तोच सर्वांत जवळचा वाटतो.

जुन्नरकर: नारायणगावजवळ आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रहांशी संपर्क ठेवणारं विक्रम भू-केंद्र झालं. आमच्या घरात तिथल्या मोठ्या तबकडीलाच उपग्रह म्हणत. आजी सांगायची, “उपग्रहापाशी उतर, तिथून चालत ये.”

शरयू: पण ते भू-केंद्र! उपग्रह वर असतो.

जुन्नरकर: आजीचा पत्ता कधी चुकला नाही. लोक ज्याला जे म्हणतात ते त्याचं नाव.

विद्याधर: मग मंजिरीचे संपादकही बरोबरच म्हणायचे का?

जुन्नरकर: ते एकटे म्हणतात. आमचं अख्खं घर म्हणायचं.

मंजिरी: आठच्या आकड्याचं वाक्य लेखात घालून बघते. रफीकभाई, तुमचे उस्ताद हलणाऱ्यांना काय म्हणायचे?

रफीक: त्यांच्यावर छत्री लागतच नाही, नाव कोण ठेवणार? माधवराव, जुन्नरकरांची तबकडी म्हणजे डिशच ना? आमच्याकडे तबकडी म्हटलं की ग्रामोफोनची.