मदत हवी आहे: फोटोफेरेसिस घेतलेलं कोणी आहे का इथे?

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये असतो. नवऱ्याला (वय ५९) सेझरी सिंड्रोम निघालाय, म्हणजे त्वचेचा टी-सेल लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर, ज्यात बिघडलेल्या पेशी रक्तातही सापडतात. आधीची दोन वर्षं एक्झिमा, मग सोरायसिस म्हणून मलमं चोळण्यात गेली.

सध्या डोक्यापासून पायापर्यंत लालेलाल. सकाळी चादर झटकली की मूठभर खपल्या. टाचांना भेगा, त्यामुळे जिना उतरताना चवड्यांवर. भर जुलैत स्वेटर घालून बसतो, कारण त्या लाल कातडीतून अंगातली ऊबच निघून जाते. झोपेत खाजवू नये म्हणून हातात सुती मोजे घालतो, ते सकाळी पलंगाखाली सापडतात.

आता फोटोफेरेसिस सुचवलंय. मला समजलं ते असं: शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरून पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, त्यांत मेथॉक्सालेन नावाचं औषध मिसळून अतिनील-ए प्रकाश टाकतात आणि सगळं परत अंगात सोडतात. लागोपाठ दोन दिवस, दर महिन्याला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एडेल्सन यांच्या गटाने छापलं होतं, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ जणांपैकी २७ जणांना गुण आला. घरच्यांना मात्र हे डायलिसिस वाटतंय.

विचारायचं आहे ते: शिरा बारीक असतील तर काय करतात? खाज कधी कमी होते? गणपतीला सांगलीला जायचं ठरवावं का? आणि वन्सं बावचीचं तेल पाठवतायत, कोडावर चालतं म्हणून. लावू का?

प्रतिसाद १

ताई, बावची अजिबात नको! बावचीत सोरालेन असतं, म्हणजे कातडी उन्हाला हळवी करणारं द्रव्य, आणि मेथॉक्सालेन त्याच घराण्यातलं. एकीकडे औषध, वर ते तेल, आणि मग ऊन लागलं तर कातडी भाजेल. वन्संना कळवा, त्यांचं मन मोडू नका, पण बाटली उघडू नका.

माझ्या भावाचं फोटोफेरेसिस झालं, बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी झाला होता म्हणून, म्हणजे दात्याच्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटल्या होत्या. आजार वेगळा, मशीन तेच. त्याच्याही शिरा बारीक. नर्स आधी गरम पिशवीने दंड शेकायची, आदले दोन दिवस भरपूर पाणी प्यायला लावायची. तरी शीर मिळाली नाही तर कॅथेटर, म्हणजे शिरेत घालायची नळी, बसवतात.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. आदल्या रात्री वहिनीने बटाटेवडे केले होते. रक्तात चरबी वाढली की मशीनला पेशींचा थर नीट ओळखता येत नाही. त्या दिवशी मशीन सारखं थांबत होतं. तेव्हापासून आदल्या दिवशी मुगाची खिचडी, वर तूपही नाही.

उपचारानंतर २४ तास गडद गॉगल, घरात खिडकीशी बसलं तरी. केस गळत नाहीत. गुण मात्र सावकाश येतो, तीन ते सहा महिने धरून चाला. दोन महिन्यांत खाज थांबली नाही म्हणून सोडू नका. गणपतीचं म्हणाल तर नर्सला आत्ताच विचारा, दोन खेपांच्या मधले दिवस बसवता येतात का.

मूळ लेखिका

खूप आभार. वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, मग तेल राहू दे, चकल्या पाठवते. त्या कोणत्या दिवशी खायच्या ते आता नर्सला विचारते.