आफ्रिकेतल्या लोखंडभट्टीचं जुनं चित्र हवंय, कुठलं घेऊ? (बजेट 4000, फ्रेमसकट)

मोल्डरची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा कोल्हापुरात उद्यमनगरला फाउंड्रीत मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे) होते, 34 वर्षं. पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी आहे. मध्यंतरी त्यांनी यूट्यूबवर बुर्किना फासोमधल्या मातीच्या उंच भट्ट्या बघितल्या, तेव्हापासून जेवताना रोज तोच विषय. म्हणून त्यांच्या खोलीत आफ्रिकेतल्या पारंपरिक लोखंड गाळण्याचं जुनं चित्र लावायचं मनात आहे. ऑनलाइन तीन प्रकार दिसले: 19व्या शतकातल्या मासिकातलं सुटं पान, त्याचं मोठं रीप्रिंट, आणि 'व्हिंटेज' म्हणून विकतात तो पत्र्याचा बोर्ड. बजेट 4000, फ्रेम धरून. भिंत पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. काय घेऊ?

सोफासम्राट
4000 मध्ये काही येत नाही ताई. मी 5 बाय 3 चा कॅनव्हास घेतला, साडेअठरा हजार. आलेला प्रत्येक जण विचारतो कुठून आणला. (त्यात मसाई योद्धे आहेत, भट्टी नाही. पण आफ्रिका ती आफ्रिकाच.)

कागदकिडा
पत्र्याचा बोर्ड अजिबात नको. मूळ पानच घ्या. 'ल तूर द्यु मोंद' हे फ्रेंच प्रवास-मासिक 1860 पासून निघायचं, त्यातल्या लाकडी ठशांच्या चित्रांची सुटी पानं विकायला असतात. दोन गोष्टी बघा. पानामागे फ्रेंच मजकूर छापलेला असतो, मागची बाजू कोरी असली तर विकणाऱ्याला का ते विचारा. आणि भिंगातून रेषा सलग दिसायला हव्यात. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ती आजची छपाई. मूळ छपाई काळी-पांढरी, रंग असलेच तर मागाहून कुणीतरी हाताने भरलेले. पान मोठ्या वहीएवढंच असतं, तेव्हा भिंत भरेल असं समजू नका. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) अ‍ॅसिड-फ्री घ्यायचा, आणि पश्चिमेच्या उन्हात तर लावायचंच नाही.

तर्रीदार
वर म्हटल्याप्रमाणे मूळ पान घ्या. पण परदेशातून मागवू नका. माझ्या नकाशाची नळी कुरिअरवाल्याने अशी काही चेपली होती की आतला नकाशा पापडासारखा निघाला. पैसे अजून परत आलेले नाहीत, चौदा मेल झाले.

मोल्डरची_लेक
धन्यवाद. पण भिंत बदलता येणार नाही, दुसऱ्या भिंतीवर कपाट आहे.

हातोडा_छाप
सोप्पी खूण सांगतो. चित्रात भाता दिसला पाहिजे. भाता नाही म्हणजे चित्र खोटं. आमच्या आजोबांचं लोहारकाम होतं, मला कुणी शिकवू नये.

खंगर
हातोडा_छाप, शिकवत नाही, पण हे चूक आहे. आफ्रिकेत भात्याच्या भट्ट्या होत्या तशाच बिनभात्याच्याही होत्या. टोगोमधला बासार भाग, टांझानियातला फिपा लोकांचा मुलूख, बुर्किना फासो, इथे माणसाहून उंच भट्टी बांधायचे आणि खाली मातीच्या नळ्या बसवायचे. धुराड्यासारखी ती आपली हवा आपणच ओढते. ताईंच्या बाबांनी बघितल्या त्या बहुतेक ह्याच. बुर्किना फासोतल्या पाच जागा 2019 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

ताई, खरी मेख वेगळीच आहे. 'आयर्न स्मेल्टिंग' नावाने विकली जाणारी बरीच चित्रं लोहारकामाची असतात: ऐरण, हातोडा, बसका जाळ, बाजूला भाता मारणारा पोरगा. ते गाळणं नव्हे, घडवणं. गाळण्याच्या चित्रात दगड आणि कोळसा वरून ओतायचं तोंड, खाली नळ्या आणि शेजारी मळीचा (दगडातून लोखंड काढताना सुटणाऱ्या कचऱ्याचा) ढीग शोधा.

आणि तो पत्र्याचा बोर्ड मीही बघितलाय. भट्टीतून लालभडक रस साच्यात ओततायत! त्या भट्टीत लोखंड वितळतच नाही. शुद्ध लोखंडाला 1538 अंश लागतात. पातळ होऊन वाहते ती मळी, साधारण 1200 ला. लोखंड आत स्पंजासारख्या गोळ्यात राहतं, मग ठोकून ठोकून उरलेली मळी काढायची. फाउंड्रीतला माणूस ते चित्र बघून हसेल.

वऱ्हाडी_ठसका
आफ्रिका कशाले पाहिजे? नागपूरजवळ नैकुंडला महापाषाण काळातली लोखंडाची भट्टी सापडली आहे. तिचं चित्र लावा ना.

खंगर
तिचं 19व्या शतकातलं चित्र कुठून आणायचं? ती 20व्या शतकातल्या उत्खननात सापडली.

वऱ्हाडी_ठसका
तर मग कोनी काढून द्या. पन आपलं जुनं आहे.

खंगर
बुर्किना फासोतलं दुरुला इ.स.पू. 8व्या शतकातलं आहे. शर्यत लावायची तर लावू, पण वेगळा धागा काढा.

घाटमाथा
अवांतर: महाबळेश्वराच्या रानातही धावड लोक लोखंड गाळायचे. कोळशाला झाडं तोडायची सोय गेली आणि धंदा बसला. अजून कुठे कुठे मळीचे खडे पायाखाली येतात.

वैद्यबुवा
ते खडे टाकू नका. जुनी मळी म्हणजे मंडूर, त्याचंच मंडूरभस्म होतं. जितकी जुनी तितकी चांगली म्हणतात.

संस्कारी_सुलू
एक सांगू का, मी असंच चित्र घेणार होते, तर त्या भट्टीला चक्क स्तन होते! घरात लहान मुलं. परत केलं.

खंगर
झिम्बाब्वेतल्या शोना लोकांच्या भट्ट्यांवर मातीचे स्तन असत. भट्टी म्हणजे बाळंत होणारी बाई, आतला गोळा तिचं मूल. गाळणारे पुरुष तेवढे दिवस बायकोपासून दूर राहायचे आणि बहुतेक ठिकाणी बायकांना भट्टीजवळ यायची बंदी. म्हणजे बाळंतपण बाईचं आणि खोलीत सगळे पुरुषच. परत केलंत ते वाईट केलंत, सुलूताई.

शरणपूर_रोड
नाशिककर म्हणून नोंद करतो: आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन ह्या ब्रिटिश प्रवाशाबरोबर 1866 च्या सफरीला आमच्या शरणपूरची आफ्रिकी मुलं गेली होती, गुलामीतून सोडवून इथे शिकवलेली. चित्राबद्दल काही कल्पना नाही.

कागदकिडा
अजून एक. ती कोरीव चित्रं करणारे बहुतेक युरोपात बसलेले, प्रवाशाच्या कच्च्या रेखाटनावरून काढायचे. त्यामुळे माणसांचे दंड ग्रीक पुतळ्यासारखे येतात. अस्सल प्रसंग हवा तर जुनं फोटो-पोस्टकार्ड बघा. डाकारच्या एदमों फोर्तिएने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेची हजारो कार्डं छापली. कार्ड स्कॅन करून मोठं करा, प्रत भिंतीवर, मूळ फाइलमध्ये. उन्हाची काळजीही मिटली.

तर्रीदार
हेच लिहायला आलो होतो.

मोल्डरची_लेक
अपडेट. सरप्राइज राहिलं नाही, बाबांनी माझ्या फोनवर सगळंच बघितलं. मूळ पान (फ्रेम धरून 3,700 होत होतं) बघून "बारीक हाय" म्हणाले. पोस्टकार्ड आवडलं, पण "ह्यात मेटल कुठं हाय?"

शेवटी पत्र्याचा बोर्ड घेतला, 899. हो, तोच लाल रसाचा. बाबा आधी मोठ्याने हसले, मग म्हणाले, "भट्टी चुकीची हाय, पण लॅडल (रस ओतायचं भांडं) धरणारा गडी पाय बघ कसा रोवून उभा हाय. आल्यागेल्याला चूक दाखवायला बरं पडंल." कालपासून तीन जणांना दाखवून झाली. खंगर, तुमचा 1538 चा आकडा त्यांनी पाठ केलाय.

कागदकिडा
बोलण्यात अर्थ नाही. निदान खिळा तरी नीट मारा.

सोफासम्राट
उरलेल्या पैशात थोडी भर घातली की कॅनव्हास येतो.