१२ क्यूचा हरलेला गोचा डाव: चूक ९७ व्या चालीला झाली की आधीच?

साधी_सोंगटी:

नमस्कार मंडळी. काल रात्री ऑनलाइन गोचा एक डाव हरलो. १९ बाय १९ चा पट, मी काळा, कोमी (पांढऱ्याला मिळणारी जादा घरं) ६.५, शेवटी २३.५ घरांनी गेलो. मी १२ क्यू, समोरचा ११ (क्यू म्हणजे दर्जा, आकडा लहान तितका खेळाडू वरचा). हरण्याचं काही नाही, सवय आहे. पण डाव संपल्यावर तो काटागोला, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रामला, दाखवला आणि तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय.

जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख बघितला तर ९७ व्या चालीपर्यंत माझी रेघ रडतखडत का होईना, चालली आहे. ९७ ला कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. तिथे मला माझ्या चार सोंगट्यांवरची अतारी, म्हणजे त्या पुढच्याच चालीत उचलल्या जाण्याची धमकी, दिसली नाही, हे मान्य. पण त्याआधीही माझ्या निम्म्याअधिक चालींवर पिवळे नाहीतर लाल, म्हणजे चुकीचे, ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की प्रोग्राम दुसरीच जागा दाखवतो. का, ते सांगत नाही. यातून शिकायचं काय आणि कसं?

सुरुवात देतो. आधी चालीचा क्रमांक, मग पटावरची जागा: उभी रेघ इंग्रजी अक्षराने (इथे क्यू म्हणजे Q), आडवी आकड्याने. विषम चाली माझ्या. १ क्यू १६, २ डी ४, ३ क्यू ४, ४ डी १६, ५ क्यू १०. उजवीकडे तीन तारे (पटावर खूण केलेले छेद) एका रांगेत, मला ते दिसायला फार आवडतं. ६ ला तो आर १७ वर, म्हणजे माझ्या कोपऱ्यात ३-३ वर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवर) घुसला. ७ क्यू १७, ८ आर १६, ९ क्यू १५, १० आर १५, ११ क्यू १४, १२ आर १४, १३ क्यू १३. १४ ला त्याने वर के १६ घेतलं. १५ एफ ३, १६ सी ६, १७ डी २, १८ सी ३, १९ के ४. मग २० ला एन ३, माझ्या खालच्या बाजूत घुसखोरी. २१ पी ५, २२ एन ५, २३ एल ५, २४ एन ७, २५ एम ६, २६ एन ६, २७ एन ९, २८ एम ८, आणि तिथून तो मध्यात निसटला. ४० ला त्याने एम ५ खेळून माझ्या एम ६ ला अतारी दिली, मी ती वाचवली नाही, ४१ ला सी १४ खेळलो. पुढचं लिहायला लाज वाटते, पण मागाल तर फाईल टाकतो.

---

पटावरचा_पाहुणा:

फाईल नको. एवढ्यात पुष्कळ आहे.

मी २ क्यू, गेली कित्येक वर्षं २ क्यूच. त्यामुळे हा काही गुरूचा उपदेश नाही. पण स्वतःचे हरलेले डाव वहीत लिहून उसवत बसायची खोड मला आहे, म्हणून बोलतो.

आधी ९७ सोडून द्या. अतारी न दिसणं हा अभ्यासाचा विषय नाही, झोपेचा आहे. आलेख जिथे कोसळतो तिथेच चूक असते असं धरून चालू नका. २०१६ च्या मार्चमध्ये कोरियाच्या ली सेडोलने आल्फागो या संगणक-प्रणालीला जो एक डाव हरवला, चौथा, तो आठवा. लीने ७८ वी चाल पाचर ठोकावी तशी मधोमध घातली. ती बनवणाऱ्या डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस यांनी तेव्हाच सांगितलं होतं की आल्फागोची चूक ७९ ला झाली, पण ते तिच्या लक्षात आलं साधारण ८७ ला. ७९ ला तिचा स्वतःचा अंदाज होता जिंकण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास! अशा तगड्या यंत्राचा आलेख आठ चाली उशिरा कोसळतो, तर तुमच्या-माझ्या डोक्याला चूक कळायला किती चाली लागत असतील?

आता चाल ७. तुम्ही ५ ला क्यू १० ठेवलीत. म्हणजे सांगितलंत की मला उजवी बाजू हवी. मग तो ३-३ वर आला तेव्हा आर १६ ने अडवायचं. तो क्यू १७ वरून वरच्या कडेने सरपटला असता, तुमची भिंत आडवी, १६ व्या ओळीत झाली असती, तोंड खाली, थेट क्यू १० कडे. तुम्ही अडवलंत क्यू १७ ने. तो उजव्या कडेने खाली उतरला, आर १४ पर्यंत, तुम्हाला हवी होती तीच बाजू खात. आणि तुमच्या हाती काय आलं? क्यू १३ ते क्यू १७, पाच सोंगट्यांची उभी भिंत, आणि तिच्यापासून फक्त दोन छेद सोडून क्यू १०. एवढ्या दणकट भिंतीला इतक्या जवळची जोडीदार म्हणजे एका दाराला दोन कुलपं. वर त्याने १४ ला के १६ घेऊन भिंतीच्या तोंडावर हात ठेवला.

प्रोग्राम इथे फारसा ओरडला नसेल. तरी माझ्या लेखी ही डावातली पहिली खरी चूक. जागा चुकली यापेक्षा, ५ ला बोललेला शब्द तुम्ही ७ ला विसरलात, हे जास्त लागतं.

आता २५. हिच्यावर मी चहा गार होईपर्यंत बसलो होतो. त्याच्या एन ५ आणि एन ७ या एक घर सोडून मारलेल्या उडीत एन ६ ही फट होती. तुम्ही एम ६ ने डोकावलात, म्हणजे त्या फटीतून तोडायची धमकी दिलीत, त्याने एन ६ जोडलं. डोकावलं की जोडायचं हे अडाण्यालाही कळतं, अशी गोमध्ये म्हणच आहे. मग २७ ला एन ९, त्याच्या डोक्यावर. चाल सुरेख! पण जोडून घट्ट झालेल्या गटाच्या डोक्यावर बसून उपयोग काय? तो एम ८ वरून हलत डुलत गेला.

आता क्रम उलटा करा. २५ लाच एन ९. उजवीकडे क्यू १०, त्याच्या वर तुमची ती पाच सोंगट्यांची भिंत. बाजू चुकली असेल, पण भिंत ती भिंत, मध्याकडे बघतेच आहे. इथे ती पहिल्यांदा कामाला आली असती. त्याला पळायचंही आहे आणि एन ६ ची फटही सांभाळायची आहे, चाल मात्र एकच. तो एम ८ ला निसटू पाहिला तर एका बाजूने डोकावायचं, ओ ८ ला गेला तर दुसऱ्या बाजूने. एम ६ की ओ ६, हे त्याला ठरवायला लावलं असतं. तुम्ही ते आधीच ठरवून टाकलंत, काही गरज नसताना. फटीत जी आजी शिल्लक होती ती घालवलीत.

शेवटी ४१, कारण तिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. एम ६ वर अतारी आली, एल ६ ने ती वाचत होती. आपल्यासारख्यांचा हात अशा वेळी आपोआप जातो, अतारी म्हणजे घंटा वाजल्यासारखं. तुम्ही नाही वाचवलीत. सी १४ ला गेलात. त्याचा खालचा गट कधीच बाहेर पडला होता, त्याला मारायचं राहिलं नव्हतं, मग तो मारायला ठेवलेली सोंगटी कशाला ओढत न्यायची? डावी बाजू पटावरची शेवटची मोठी जागा होती. १२ क्यूच्या डावात मी ही चाल फार कमी वेळा पाहिली आहे. तिथे प्रोग्रामने कुठला ठिपका दिला हो?

---

नातू_६_क्यू:

मी खेळायला लागलो तेव्हा एकाने सांगितलं, "पटावर आजी जपून ठेव, लगेच वापरू नकोस." मी दोन आठवडे समजत होतो की हा कुठल्यातरी घरगुती गोष्टीबद्दल बोलतोय. नंतर कळलं की हा जपानी शब्द, मूळ अर्थ चव, म्हणजे सोंगटीत किंवा फटीत मागे उरलेली शक्यता. आता मराठीत तो इतका फिट बसतो की विचारू नका. आजी गप्प कोपऱ्यात बसलेली असते, आणि ऐन वेळी तीच सगळ्यांना भारी पडते.

बाकी पाहुण्यांना +१. एम ६ सारखी डोकावणी माझ्याही प्रत्येक डावात तीन-चार सापडतात. खेळताना जाम भारी वाटतं, कारण समोरचा आपलं ऐकतो ना!

---

तेनुकी_तज्ज्ञ:

पाहुण्यांशी ९७ बद्दल सहमत नाही. मी १ दान (क्यूच्या वरची पायरी), आणि माझं मत असं की १२ क्यूला सगळ्यात महाग पडतं ते वाचन, दिशा नंतर. चार सोंगट्यांची अतारी झोपेमुळे सुटत नाही, डोळ्याला आकार ओळखीचा नसल्यामुळे सुटते. रोज दहा सोपी त्सुमेगो, म्हणजे सोंगट्या जगवायची-मारायची कोडी, सोडवा, अगदी दोन-तीन चालींची, उत्तर न बघता. कठीण नकोत. महिन्याने असल्या अतारी आपोआप दिसतील.

चाल ७ ही दिशेची चूक आहे, मान्य. पण ती सुधारली म्हणून तुम्ही हा डाव जिंकला नसतात. ९७ सुधारली असती तर कदाचित जिंकला असतात.

---

पटावरचा_पाहुणा:

त्सुमेगो सोडवावीत, त्यावर वाद नाही. पण त्यांनी विचारलं होतं की या डावातून काय शिकायचं. ९७ त्यांना स्वतःलाच दिसली. ७ आणि २५ दिसल्या नव्हत्या. मला वाटतं दुसऱ्याने तेच दाखवावं जे आपलं आपल्याला दिसत नाही.

आणि जिंकला असता की नाही ते सोडा हो. तुम्ही दान लोक लगेच निकालावर येता.

---

साधी_सोंगटी:

सगळ्यांचे आभार. तज्ज्ञ, आजपासून त्सुमेगो सुरू, दहाच्या दहा. पहिल्याच दिवशी तीन चुकली, आणि त्यातल्या एकाचा आकार हुबेहूब माझ्या ९७ चा होता, त्यामुळे तुमचंही म्हणणं पोचलं.

पाहुणे, ४१ ला प्रोग्रामने हिरवा ठिपका दिला आहे. मी बघितलाच नव्हता, लालच मोजत बसलो होतो.

आज स्क्रीन बंद करून खरा पट काढला आणि २७ चाली हाताने मांडल्या. २५ च्या जागी एन ९ ठेवून बघितली आणि पांढऱ्याच्या बाजूने खेळायचा प्रयत्न केला. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मला पांढऱ्यासाठी एकही चाल मनापासून आवडत नाहीये. बाहेर जायला ओ ८ खेळून बघितली, तर एन ६ कडे डोळा जातो. एन ६ जोडून बघितली, तर वरून दार बंद होतं. मग क्यू १७ उचलली आणि आर १६ ला ठेवली. पटाची उजवी बाजू एकदम मोठी दिसायला लागली. हे सांगून कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र माझी मलाच सापडली. डावाच्या फाईलमध्ये प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला ते नोंदलेलं असतं. वजाबाकी करत बसलो. चाल ७ ला मी घेतले २ सेकंद. २५ ला १ सेकंद. ९७ ला ३.

४१ ला १ मिनिट १० सेकंद.

---

पटावरचा_पाहुणा:

हे माझ्या वहीत उतरवून घेतो. माझ्या मागच्या डावाची फाईल आता उघडायची भीती वाटतेय.