प्रति: वेव्ह प्लस की स्विसटूल स्पिरिट?

या दोन मल्टिटूलपैकी (पक्कड, पातं, कात्री वगैरे एकातच असलेलं घडीचं हत्यार) कोणतं घ्यावं, या प्रश्नावर एकाने म्हटलंय की पातं एका हाताने उघडतं म्हणून लेदरमन वेव्ह प्लसच घ्या. मुद्दा बरोबर, पण रोज पातं लागतं कोणाला? घरात, ऑफिसात कात्री नाहीतर स्क्रूड्रायव्हरच जास्त लागतो आणि वेव्हमध्ये ते दोन्ही आत असल्यामुळे दर वेळी आख्खी पक्कड उघडावी लागते. व्हिक्टोरिनॉक्स स्पिरिटमध्ये सगळी हत्यारं बाहेरून निघतात, पक्कड मिटलेलीच राहते. वजनही २१०च्या आसपास, वेव्ह सुमारे २४० ग्रॅम. खिशात हा फरक जाणवतो.

मात्र वायरिंगची कामं सतत करत असाल तर वेव्ह प्लसच. तिचे तार कापायचे जबडे झिजले की स्क्रू काढून बदलता येतात. स्पिरिटमध्ये ती सोय नाही. (विमानप्रवासात दोन्हीही चेक-इन बॅगेतच टाका.)