उन्हाळा 'ती' कशी होणार? (ग्रीष्म / उन्हाळा / सुगी)

भाषांतरवाली:
चित्रांवरच्या एका लेखाचं मराठी करतेय आणि एका ओळीवर दोन दिवस अडकलेय. चित्र आंत्वान वातोचं, १७१७-१८ च्या सुमाराचं. पॅरिसमधल्या पिएर क्रोझा या धनाढ्य माणसाच्या जेवणघरासाठी चार ऋतूंची चार चित्रं केली होती, त्यातलं हे उन्हाळ्याचं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लंबगोल चित्र, ढगांवर सीरिस म्हणजे रोमन लोकांची धान्यदेवता बसलीय, डोक्यात गव्हाच्या ओंब्या, हातात विळा. मी लिहिलं 'विळा घेऊन बसलेला उन्हाळा' आणि लगेच खटकलं, समोर बाई आहे ना! 'बसलेली उन्हाळा' तर होतच नाही. ग्रीष्मही पुल्लिंगीच. काय करू?

संस्कृतप्रेमी:
'ग्रीष्मदेवता' लिहा, देवता स्त्रीलिंगी आहे, प्रश्न मिटला. उन्हाळा नको, तो बोलीतला शब्द, चित्राला शोभत नाही.

बोलीवाला:
उन्हाळा 'उष्णकाल'वरूनच आलाय, तुमच्याच घरचा आहे. आणि लिंगाचं म्हणाल तर पाऊस 'प्रावृष्'वरून आला, संस्कृतात ती स्त्री, मराठीत तो झाला, कुणाचं काही बिघडलं नाही.

रानातली:
ग्रीष्म म्हणजे ज्येष्ठ-आषाढ, तेव्हा आमच्याकडे पेरण्या चालू असतात, गव्हाची ओंबी कुठून येणार? आपला गहू फाल्गुनात सोंगतात, तिकडे फ्रान्सात जुलैत. मी आजीबरोबर सोंगणीला जायचे, दुपारपर्यंत कुसळं ब्लाउजच्या बाह्यांत शिरून मनगटं लाल व्हायची आणि आजी मात्र ओंब्यांची मूठ धरून इळा असा सरकवायची की पेंढी आपोआप आडवी पडायची. तुमच्या चित्रातली बाई मला ग्रीष्म वाटत नाही, ती सुगी आहे. शब्दही स्त्रीलिंगी.

भाषांतरवाली:
सुगी! फार आवडला. पण त्याच मालिकेतल्या शरदात बॅकस आहे, द्राक्षांचा देव, म्हणजे तीही सुगीच की. मग हिला एकटीला कसं देऊ?

संस्कृतप्रेमी:
शिवाय सुगी कानडी 'सुग्गी'वरून आलेला. मराठीत शब्द असताना बाहेरून का आणायचा?

बोलीवाला:
बाहेरून? ज्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे तो शब्द त्याचाच. आमचे मास्तर तर सुगी 'सुकाळ'वरून सांगायचे, मला अजून तेच खरं वाटतं.

रानातली:
ते पटत नाही, सुकाळ वर्षभर असू शकतो, सुगी काढणीपुरतीच. सुगीत पाहुणे येतात, लग्नं ठरतात, बलुतं दिलं जायचं. हे सगळं 'ग्रीष्मदेवता'त कुठे येतं?

मालवणचा:
मी चित्र मोठं करून बघितलं. देवीभोवती सिंह आहे, जुळी पोरं आहेत, म्हणजे सिंह आणि मिथुन राशी, त्या उन्हाळ्याच्याच. पण कर्केच्या जागी खेकडा नाय, लांबडा नांगीवाला प्राणी आहे. लेखात काय लिहिलंय?

भाषांतरवाली:
मी 'झिंगा' केलंय. चुकलं का?

मालवणचा:
झिंग्याला एवढ्या नांग्या नसतात. शेवंड म्हणावं तर आमच्या शेवंडीला नांग्याच नाहीत, लांब मिशा असतात, आणि ती समुद्रातली. हा गोड्या पाण्यातला दिसतो.

संस्कृतप्रेमी:
कर्क म्हणजे खेकडा, सरळ खेकडा लिहा.

मालवणचा:
डोळ्यांसमोर शेपूट दिसतेय आणि खेकडा लिहायचं? नदीकाठच्या कुणाकडे याला शब्द आहे का?