बाबासाहेबांवरची मालिका: दहा भागांची बरी की रोजची?

पार्कचौककर

घरातला वाद इथं आणतोय. स्टार प्रवाहवर २०१९ ला सुरू झालेली बाबासाहेबांची मालिका, सागर देशमुखांची, आई मोबाईलवर पुन्हा पहिल्यापासून बघतेय. मी मोठ्या हौसेनं तिला श्याम बेनेगलांची 'संविधान' लावून दिली. २०१४ ला राज्यसभा टीव्हीवर आलेली, दहाच भाग, सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत. दुसऱ्या भागाला आईला डुलकी लागली.

तरी माझं म्हणणं कायम आहे. एवढ्या मोठ्या नेत्यावर रोजची मालिका काढूच नये. रोज अर्धा तास भरायचा म्हटल्यावर कागदपत्रं पुरणार कुठून? मग दारात कुणी आलं की तिघांचे चेहरे आळीपाळीनं, मागं ढोल, आणि जाहिरातीआधी एक धक्का. 'संविधान'च्या हाताशी घटना समितीच्या चर्चाच होत्या. ९ डिसेंबर १९४६ पासून जवळजवळ तीन वर्षं चाललेल्या, नोंदवून ठेवलेल्या. तिथं नाट्य उसनं आणावं लागत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेब काय सांगतात? धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. आणि आपण त्याच माणसाच्या पाठीमागं उजेड सोडून त्याला संथ गतीत चालवतो!

शेंगाचटणी

नोंदवून ठेवलंय तर वाचा की वो. टीव्ही कशाला पायजे?

सुपातली पानं

पार्कचौककर, तुमच्या आईची डुलकी हेच माझं उत्तर आहे. पण राग आलाय म्हणून जरा लांबण लावते.

माझी आजी चाळीस वर्षं बिड्या वळतेय. मालिका लागायच्या वेळी सूप मांडीवर, कात्री हातात, नजर टीव्हीवर. पान कापताना तिला खाली बघावं लागत नाही. तिला सही येते, वाचता येत नाही. हिंदीतली घटना समिती तिच्यासाठी नव्हतीच. आणि तुमचा तो कागद! ते भाषण इंग्रजीत झालं, मालिकेत हिंदीत आलं. म्हणजे तिथंही कुणीतरी बसून संवाद लिहिलाच ना?

खरा मुद्दा पुढं आहे. रमाईंचा पंढरपूरचा प्रसंग घ्या, आपल्याच जिल्ह्यातला. त्यांना विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं होतं. साहेब म्हणाले, जे पंढरपूर तुला देवापासून लांब उभं करतं तिथं कशाला जायचं, आपण दुसरं पंढरपूर उभं करू. रमाई १९३५ ला गेल्या. साने गुरुजींचं उपोषण होऊन विठ्ठलाचं दार उघडलं ते १९४७ ला. आता मला सांगा, त्या खोलीत नवराबायको काय बोलले याची नोंद कुठली समिती ठेवत होती? फक्त कागदावरचं दाखवायचं ठरवलंत तर रमाई पडद्यावर येणारच नाहीत. कागद ठेवायची ऐपत ज्यांची होती तेवढेच दिसतील.

पार्कचौककर

रमाईंचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. भाषांतराचा नाही. बोललेलं दुसऱ्या भाषेत आणणं वेगळं आणि न बोललेलं तोंडात घालणं वेगळं.

रचलेला प्रसंग नकोच असं नाही, तो रचलाय हे कळू द्या. बेनेगलांनीच १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'भारत एक खोज' केली, त्रेपन्न भाग. रोशन सेठ नेहरू म्हणून येतात, आपल्याशी बोलतात, मग नाट्य सुरू. सूत्रधार असला की सांगणं कुठलं आणि खेळ कुठला हे शाळकरी पोरालाही कळतं. सुरुवातीला दोन ओळींची सूचना झर्रकन पळवायची आणि पुढं कसाही घोडा उधळायचा, याला माझा विरोध आहे.

विजापूर वेस

नववीला इतिहास शिकवतो. चवदार तळं २० मार्च १९२७, मनुस्मृतीदहन २५ डिसेंबर १९२७. दोन्ही महाडला, मधे नऊ महिने. वर्गात चार-पाच जण हटकून सांगतात, पाणी प्याले आणि लगेच ग्रंथ जाळला. टीव्हीवर बघितलं म्हणतात. काय बघितलं देव जाणे, पण डोक्यात दोन्ही एकच झालंय.

मधले नऊ महिने का गेले, त्यात सनातन्यांनी कोर्टाचा मनाईहुकूम कसा मिळवला, हे तर खरं नाट्य. ते कुणाला नको असतं. कोर्टकचेरीत ढोल वाजत नाही ना.

सुपातली पानं

सर, तुमच्या पोरांनी महाडचं नाव तरी ऐकलंय. आमच्या वेळी अर्ध्या पानात उरकायचं.

आणि रचण्याइतकंच वगळणंही खोटं असतं. ॲटनबरोंचा १९८२ चा 'गांधी' घ्या. तीन तासांहून मोठा सिनेमा, जगभर गाजला, आणि त्यात बाबासाहेब एकदाही नाहीत. १९३२ चा पुणे करार झाला तो कुणाशी? त्या सिनेमाला शहाणे लोक दर्जेदार म्हणतात, आणि आजी बघते ती मालिका तेवढी बटबटीत.

शेंगाचटणी

ह्ये मात्र लागलं हां.

पार्कचौककर

लागलं खरं. पण दर्जेदारांनी वगळलं म्हणून रोजच्या मालिकेला काहीही रचायची सूट मिळत नाही. मी सूत्रधारावर ठाम आहे.

एक करा, पंढरपूरचा प्रसंग आजींपुढं काढा. साहेब आणि रमाई काय बोलले असतील वाटतं, ते विचारा.

सुपातली पानं

विचारलं. तिनं आधी सूप बाजूला ठेवलं, ही मोठी गोष्ट. म्हणाली, तिची आजी आषाढीला चोखोबाच्या समाधीपर्यंत जायची आणि तिथूनच हात जोडून परत फिरायची. घरी आल्यावर दर्शन झालं का विचारलं की झालं म्हणायची. रमाईंना हे ठाऊक नसेल होय, त्या काय हट्ट करतील, असं तिचं म्हणणं.

मग मी म्हटलं, तसा संवाद मालिकेत पाहिजे होता का? तर म्हणाली, बोललंच नसतील गं. गप बसली असतील दोघं.

पुढं तिला हजार बिड्यांचा हिशोब पुरा करायचा होता, सूप परत मांडीवर गेलं.