निनावी, अज्ञात, अनामिक की टोपणनावी?

प्रश्न : वापरकर्त्यांच्या नोंदींतून नाव आणि ईमेल काढून त्या जागी क्रमांक घातला, तर ती माहिती 'निनावी' झाली म्हणायची की 'अनामिक'? गोपनीयता धोरणाच्या मराठी मसुद्यासाठी हवं आहे.

प्रतिसाद : दोन्ही नाही. ती 'टोपणनावी'. नाव गेलं, पण एका माणसाच्या सगळ्या नोंदी त्या क्रमांकाला बांधलेल्याच राहिल्या. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने २००६ साली सुमारे साडेसहा लाख लोकांचे वेबवरचे शोध असेच क्रमांक घालून खुले केले होते. लोक स्वतःचं गाव, आडनाव, आजार शोधतात. त्यावरून पत्रकारांनी एका क्रमांकामागची व्यक्ती काही दिवसांतच गाठली. युरोपातला माहिती-संरक्षण कायदा जीडीपीआर (लागू २०१८) अशा माहितीला वैयक्तिक माहितीच मानतो.

प्रतिसाद : 'छद्मनामी' असा शब्द वाचला आहे. तो का नको?

प्रतिसाद : 'छद्म'मध्ये कपट आहे. टोपणनाव घेणारा कोणाला फसवत नसतो, म्हणून तो शब्द मला खटकतो. टोपणनाव किती झाकतं, हा प्रश्न मात्र उरतोच. 'कुसुमाग्रज' या नावातूनच कुसुम नावाच्या धाकट्या बहिणीचा पत्ता लागतो. वापरकर्तानावाला जन्मवर्ष जोडलं की तेच होतं.

प्रतिसाद : बाकीच्या तिघांतला फरक असा. 'निनावी' हे मजकुराचं विशेषण : निनावी पत्र, म्हणजे खाली सही नाही. 'अज्ञात' पाहणाऱ्यावर अवलंबून : आज अज्ञात, उद्या ओळख पटेल. 'अनामिक' मात्र इतर कोणत्याही माहितीशी ताडून पाहिली तरी माणूस सापडत नाही, तेव्हाच म्हणावं. ही कसोटी फार कडक आहे. अमेरिकी संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं, की पोस्टाचा पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे. त्यात नाव कुठेच नाही.

प्रतिसाद : फोन क्रमांकाचा हॅश (सूत्राने काढलेला सांकेतिक ठसा, ज्यावरून मूळ क्रमांक थेट काढता येत नाही) ठेवला तर 'अनामिक' म्हणता येईल ना?

प्रतिसाद : नाही. दहा अंकी क्रमांक फार तर १००० कोटी, आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवर उपकरणांना मिळणारे क्रमांक) सुमारे ४३० कोटी. सगळ्यांचे साधे हॅश आधीच काढून ठेवले की उलटा शोध सोपा. गुप्त किल्ली (फक्त तुमच्याकडे असलेला संकेत) घालून हॅश करा आणि किल्ली नोंदींपासून वेगळी ठेवा. तरीही माहिती टोपणनावीच. 'अनामिक'च्या जवळ जायचं तर जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, आयपी पत्ता मुदत ठरवून पुसा, आणि पाचांहून कमी माणसांचा गट आकडेवारीत दाखवू नका. छायाचित्र चढवताना त्यातलं ठिकाण आणि वेळ काढून टाका. हे हमखास राहून जातं. खातं पुसल्यावर इतरांच्या उत्तरांत उद्धृत झालेलं नावही बदलायला हवं.

मसुद्यात असं लिहा : 'आम्ही तुमच्या नोंदी टोपणनावी करून ठेवतो, किल्ली आमच्याकडे असेपर्यंत त्या तुमच्याशी जोडता येतात.' 'अनामिक' फक्त एकत्रित आकडेवारीसाठी राखा.